अनावर भुकेचा आजार व त्यावरील मानसोपचार

औषधांचे इतिहास आपण पुष्कळ ऐकतों. देवीची लस, पेनिसिलिन, क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन यांच्या कथा शाळेच्या पुस्तकांतही आल्या आहेत. परंतु ज्या उपचारांत बाटली नाहीं, सुई नाहीं, शस्त्र नाहीं, केवळ दोन माणसांनीं समोरासमोर बसून केलेलें बोलणें आहे, त्याचा गुण येतो कीं नाहीं हें कसें ठरवावयाचें? बोलल्यानें मन हलकें होतें हें सर्वांस ठाऊक आहे. पण मन हलकें होणें निराळें आणि आजार बरा होणें निराळें. हा भेद नीट पारखून पाहण्याचा एक मोठा चिकाटीचा उद्योग गेल्या सुमारें पंचेचाळीस वर्षांत झाला. तो ज्या आजाराच्या बाबतींत झाला त्याचें नांव 'बुलिमिया नर्व्होसा'. मी वैद्य नव्हें; आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला. परंतु पुराव्याची पारख हा इतिहासाचाही धंदा आहे, आणि त्याच दृष्टीनें ही हकीकत आपणांपुढें ठेवावी असें वाटलें.

प्रथम नांवाचा उलगडा करूं. ग्रीक भाषेंत 'बूस' म्हणजे बैल आणि 'लिमोस' म्हणजे भूक. तेव्हां बुलिमिया म्हणजे बैलाची भूक. झेनोफननें आपल्या सैन्याच्या परतीच्या प्रवासाचा जो वृत्तांत लिहिला आहे, त्यांत आर्मेनियाच्या बर्फांत शिपाई या बुलिमियानें कोसळत आणि पोटांत कांहीं पडतांच उठून चालूं लागत, असें वर्णन आहे. म्हणजे तेथें या शब्दाचा अर्थ उपासमारीनें आलेली ग्लानि असा होतो. प्लुटार्कच्या कायरोनिया गांवांत तर या भुकेला घरांतून हांकलून देण्याचा एक विधिच होता. एका गुलामाला छड्या मारीत दाराबाहेर घालवीत असत. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं केरसुणी फिरवून व सूप वाजवून अलक्ष्मीला बाहेर काढतात, त्याची आठवण व्हावी. आयुर्वेदांतील भस्मक, ज्याला घरगुती भाषेंत आपण 'भस्म्या' म्हणतों, तोही अतिभुकेचाच रोग. रोमन लोक जेवतांना मधूनच उठून 'व्होमिटोरियम' नांवाच्या खोलींत ओकावयास जात, ही गोष्टही वर्गांतून अजून सांगितली जाते. ती निखालस खोटी आहे. नाट्यगृहांतून प्रेक्षकांचा लोंढा ज्या वाटांनीं बाहेर पडे त्या वाटांचें तें नांव होतें. मी आज सांगणार आहें तो आजार यांपैकीं एकही नव्हे. नांव जुनें आहे, आजाराची ओळख मात्र अगदीं अलीकडची आहे.

हा आजार बहुधा ऐन तारुण्यांत, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत कितीतरी अधिक प्रमाणांत आढळतो. आजारी मुलगी दिसावयास चारचौघींसारखी असते. अंगानें बेताची, कामांत चोख. मनांत मात्र एकच शल्य अहोरात्र सलत असतें, तें आपल्या देहाच्या आकाराचें व वजनाचें. आपली सारी किंमत वजनकांट्यावर ठरते अशी तिची समजूत झालेली असते. त्यासाठीं ती स्वतःवर जेवणाचे कडक निर्बंध घालते. अमुक पदार्थाला शिवावयाचें नाहीं, तमुक वेळेपूर्वीं तोंडांत घास घ्यावयाचा नाहीं. मग एखाद्या दिवशीं, घरांत कोणी नसतांना, तो बांध फुटतो. थोड्या वेळांत ती इतकें खाते कीं एरवीं तिचें तिलाच तें अशक्य वाटावें; आणि थांबावें हें कळत असूनही तिला थांबवत नाहीं. याला अधाशीपणा म्हणणें अन्यायाचें होईल, कारण त्यांत चवीचें सुख जवळजवळ नसतेंच. मागाहून येते ती लाज आणि भीति. खाल्लेलें भरून काढण्यासाठीं मग मुद्दाम ओकणें, रेचकें घेणें, कडकडीत उपास, वाजवीपेक्षां अधिक व्यायाम असले उपाय; आणि दुसऱ्या दिवसापासून आणखी कडक निर्बंध. हा फेरा कित्येकदां वर्षानुवर्षें चालतो आणि एकाच छपराखालीं राहणाऱ्या आईला किंवा नवऱ्याला त्याचा पत्ता नसतो. वारंवार ओकण्यानें रक्तांतील पोटॅशियम उतरतें, हृदयाची लय बिघडूं शकते, दांतांचें कवच झिजतें. म्हणजे 'मनाचे खेळ' म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

आजाराला नांव नसलें म्हणजे काय होतें याचें एक करुण उदाहरण स्वित्झर्लंडमधील आहे. क्रॉइझलिंगन येथील बेलेव्ह्यू या आरोग्यभुवनांत १९२१ मध्यें लुडविग बिन्सवांगर यांच्याकडे एक विवाहित तरुणी आली. पुढें १९४४-४५ मध्यें बिन्सवांगर यांनीं तिची हकीकत 'एलेन वेस्ट' या कल्पित नांवानें प्रसिद्ध केली. लठ्ठ होण्याची भीति, अन्नाचा सतत ध्यास, रेचकें, ओकणें हें सारें तिच्या हकीकतींत आहे. तत्पूर्वीं दोनदां तिचें मनोविश्लेषणही झालें होतें. तिच्या रोगाविषयीं त्या काळच्या थोर तज्ज्ञांची मतें घेण्यांत आलीं. क्रेपेलिन म्हणाले विषण्णता, ब्लॉयलर म्हणाले छिन्नमनस्कता. कोणाचेंही निदान तिच्या उपयोगीं पडलें नाहीं. घरीं परतल्यावर थोड्याच दिवसांत तिनें आपल्या जीवनाचा अंत केला. आज तिचा आजार कोणत्या सदरांत घालावा याविषयीं वाद आहे. पण तिचें मुख्य दुःख अन्न व देह यांच्याभोंवतीं फिरत होतें, आणि नेमकें त्यालाच तेव्हां दुय्यम लक्षण मानलें गेलें, एवढें तरी निश्चित म्हणतां येईल.

१९७६ मध्यें अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत विद्यार्थिनींना सल्ला देणाऱ्या मार्लीन बॉस्किंड-लोडाल यांनीं अशा मुलींचें वर्णन करून त्या आजाराला 'बुलिमारेक्सिया' हें नांव सुचविलें. परंतु जें नांव टिकलें तें लंडनचे जेराल्ड रसेल यांनीं दिलेलें. १९७२ ते १९७८ या काळांत पाहिलेल्या ३० रुग्णांवरून त्यांनीं १९७९ मध्यें एक निबंध लिहिला आणि 'बुलिमिया नर्व्होसा' हा 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' या उपासमारीच्या मनोविकाराचा एक अशुभसूचक प्रकार आहे असें मथळ्यांतच म्हटलें. अशुभसूचक कां? तर हे रुग्ण हाताला लागत नाहींत, शरीराला धोका मोठा आणि उपचार अत्यंत अवघड, असा त्यांचा अनुभव होता. दुसऱ्याच वर्षीं अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या अधिकृत रोगसूचींत बुलिमियाचा समावेश झाला, आणि १९८७ च्या आवृत्तींत 'नर्व्होसा' हें उपपदही त्याला जोडलें गेलें.

तीस रुग्ण म्हणजे एक विरळा रोग असें कोणासही वाटलें असतें. १९८० मध्यें ऑक्सफर्डचे ख्रिस्टोफर फेअरबर्न व त्यांचे सहकारी पीटर कूपर यांनीं एक साधी युक्ति केली. एका लोकप्रिय महिला-मासिकांत त्यांनीं छोटीशी सूचना छापविली: वजन ताब्यांत ठेवण्यासाठीं ज्या ओकतात त्यांनीं आम्हांस गुप्तपणें लिहावें. पत्रांचा पूर आला. भरून आलेल्या प्रश्नपत्रिकांपैकीं ४९९ स्त्रियांच्या उत्तरांत या आजाराचीं सर्व लक्षणें स्पष्ट दिसत होतीं, आणि त्यांतील बहुतेकींनीं डॉक्टरापाशीं हा विषय कधीं काढलाच नव्हता. रुग्णालयाच्या दारांत बसून रोग मोजणाऱ्यांना जें दिसलें नाहीं तें एका टपालाच्या पेटीनें दाखविलें.

आतां उपचाराकडे वळूं. फेअरबर्न यांनीं जो विचार केला त्याच्या मुळाशीं असलेली गोष्ट आपल्याकडच्या आजीबाईंना नवी नव्हती. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपण थट्टेनें वापरतों. पण तींत शरीरशास्त्र आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्यें, मिनेसोटा विद्यापीठांत अ‍ॅन्सेल कीज यांनीं ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धावर जाण्यास तत्त्वतः नकार देणारे हे तरुण आपखुषीनें आले होते. चोवीस आठवडे त्यांना अर्धपोटीं ठेवण्यांत आलें. हळूहळू त्यांच्या बोलण्यांत व स्वप्नांत अन्नावांचून दुसरें कांहीं उरलें नाहीं. ज्यांनीं कधीं चूल पाहिली नव्हती ते पाकपुस्तकें जमवूं लागले. आणि उपासमार संपल्यावर त्यांच्यांतील कित्येकजण पोट तडस लागेपर्यंत खात आणि तरीही भूक भागली नाहीं म्हणत. या तरुणांच्या मनांत देहाच्या सौंदर्याचें कसलेंही वेड नव्हतें. वेड लावलें तें उपासानें.

दुसरा प्रयोग १९७५ चा, अमेरिकेंतीलच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांतला. पीटर हर्मन व डेबोरा मॅक यांनीं विद्यार्थिनींना आईस्क्रीमची चव पाहण्याच्या निमित्तानें बोलावलें. कांहींजणींना आधीं दुधाचें गोड पेय पाजलें, कांहींजणींना पाजलें नाहीं. ज्या मुली एरवीं मनसोक्त जेवत त्यांनीं पेय घेतल्यावर आईस्क्रीम कमी खाल्लें, हें स्वाभाविक झालें. पण ज्या नेहमीं स्वतःला आवरून खात त्यांनीं पेय पोटांत गेल्यावर उलट अधिक खाल्लें! एकदां नियम मोडला कीं 'आजचा दिवस बुडालाच, मग कशाला आवरा' असें मन म्हणतें. उपास नकळत मोडला म्हणून फराळाच्या ताटावर आडवा हात मारणारे गृहस्थ आपण सर्वांनीं पाहिले आहेत.

या दोन गोष्टी जोडल्या कीं बुलिमियाचा फेरा उलगडतो. रुग्णाला वाटतें, 'मी अनावर खातें म्हणून मला कडक निर्बंध हवेत.' फेअरबर्न म्हणाले, बाई, तुम्ही कडक निर्बंध पाळतां म्हणूनच अनावर खातां. त्याच सुमारास फिलाडेल्फियाचे अ‍ॅरन बेक यांनीं विषण्णतेवर एक पद्धति बसविली होती. रुग्णाच्या मनांत आपोआप उमटणारे विचार पकडून पुराव्याच्या कसोटीला लावणें हें तिचें सार. ती पद्धति फेअरबर्न यांनीं या आजाराला जुळवून घेतली आणि १९८१ मध्यें ११ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. बहुतेकींना स्पष्ट गुण आला होता. रसेल यांचा निराशेचा निबंध निघून अवघीं दोन वर्षें झालीं होतीं.

या विचार-वर्तनोपचाराचें स्वरूप ऐकून कित्येकांची निराशा होईल, इतकें तें साधें आहे. सोळा ते वीस भेटी, चार-पांच महिन्यांत. पहिलें साधन म्हणजे एक वही. काय खाल्लें, केव्हां, कोठें, मनांत काय होतें, हें रात्रीं आठवून नव्हे तर त्याच क्षणीं लिहावयाचें. दुसरें, नेमानें खाणें: दिवसांतून तीन जेवणें आणि मध्यें दोन-तीन वेळां अल्पोपाहार, मग भूक असो वा नसो, दोन खाण्यांत तीन-चार तासांहून अधिक अंतर पडूं द्यावयाचें नाहीं. रुग्णाला प्रथम हें अघोरी वाटतें, कारण असें केल्यानें आपण फुगत जाऊं अशी तिची खात्री असते. म्हणून वजन आठवड्यांतून एकदांच पाहावयाचें, रोज दहादां नव्हे. आणि मनांतील भाकीत व कांट्यावरील आंकडा यांचा मेळ ती स्वतःच घालून पाहते. ओकण्यानें खाल्लेलें सगळें परत जात नाहीं, हेंही तिला समजावून सांगतात. मग वर्ज्य पदार्थांची यादी करून ते एकेक पानांत आणावयाचे. आणि शेवटीं मुळावर घाव: माझी किंमत माझ्या आकारावर कां अवलंबावी, हा प्रश्न. बालपणांतील जुन्या जखमा उकरण्यावर येथें भर नाहीं. आज हा फेरा कशानें चालू आहे तेवढें पाहावयाचें. शेवटच्या कांहीं भेटी पुढें पाय घसरला तर काय करावें याच्या तयारीसाठीं राखलेल्या असतात. विशेष लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, घसरणें हा अपराध मानला जात नाहीं. तो एक वहींत लिहून काढण्याचा प्रसंग मानला जातो.

परंतु अकरा रुग्णांना गुण आला एवढ्यानें उपचार सिद्ध होत नाहीं. कांहीं आजार काळानेंच निवळतात. कांहीं, कोणी आपुलकीनें विचारपूस केली एवढ्यानेंही हलके होतात. शिवाय गुरुजींनीं आपणच शिकवावें, आपणच पेपर काढावा आणि आपणच गुण द्यावे, तर निकाल चांगलाच लागावयाचा! म्हणून खरी परीक्षा अशी कीं, रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडावे, प्रत्येक गटाला निराळा उपचार द्यावा, आणि ज्याला कोणाचा गट कोणता हें ठाऊक नाहीं अशा परीक्षकानें निकाल पाहावा. फेअरबर्न यांच्या मंडळींनीं १९८६ मध्यें २४ रुग्णांवर अशी तुलना केली, आणि तींत तुलनेसाठीं घेतलेली साधी संभाषणचिकित्साही अपेक्षेपेक्षां बरीच उपयोगी ठरली. प्रतिपक्षाला मिळालेले गुण त्यांनीं लपविले नाहींत; उलट पुढची परीक्षा अधिक कडक केली.

ती परीक्षा ७५ रुग्णांची. तिचे निकाल १९९१ व १९९३ मध्यें प्रसिद्ध झाले. गट तीन होते. एकास पूर्ण विचार-वर्तनोपचार. दुसऱ्यास त्यांतील विचारांचा भाग गाळून केवळ खाण्याची शिस्त. तिसऱ्यास 'परस्परसंबंधोपचार', म्हणजे क्लर्मन व वाइसमन यांनीं विषण्णतेसाठीं बसविलेली पद्धति; तींत नवरा, आई, मैत्रीण, वरिष्ठ यांच्याशीं असलेल्या संबंधांतील गुंते सोडवावयाचे, आणि या प्रयोगांत तर अन्न व वजन यांविषयीं बोलावयाचेंच नाहीं असा दंडक होता. उपचार संपला तेव्हां अनावर खाणें तिन्ही गटांत कमी झालें होतें. पण देहाविषयींचे विचार व खाण्यावरील निर्बंध यांत पहिला गट स्पष्ट पुढें होता. वर्ष लोटलें आणि चित्र पालटलें. अन्नाचा शब्दही न काढणारा तिसरा गट हळूहळू सुधारत पहिल्याच्या बरोबरीला आला! आणि केवळ शिस्तीचा दुसरा गट मागें पडला. त्यांतील पुष्कळजणींनीं उपचार अर्ध्यावरच सोडला होता. सरासरीनें सहा वर्षांनंतर पाहिलें तेव्हांही हाच क्रम होता. नुसती शिस्त लावून मन बदलत नाहीं, हें कोणत्याही शिक्षकाला पटावें. पण तें असें मोजून दाखविलेलें मीं दुसरीकडे पाहिलें नाहीं.

एका गांवचा निकाल दुसऱ्या गांवीं खरा ठरतो कां, हा पुढचा प्रश्न. स्टुअर्ट अ‍ॅग्रस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्टॅनफर्ड व कोलंबिया या दोन अमेरिकन विद्यापीठांत २२० रुग्ण घेतले आणि वीस आठवड्यांत १९ भेटी याप्रमाणें हे दोन उपचार पुन्हा तोलले. २००० सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा: उपचार संपतांना विचार-वर्तनोपचाराच्या ११० पैकीं ३२ जणी बऱ्या झाल्या होत्या, परस्परसंबंधोपचाराच्या ११० पैकीं केवळ ७. वर्षानंतर मात्र दोहोंतील फरक निश्चित म्हणण्याइतका उरला नव्हता. म्हणजे ऑक्सफर्डचा निकाल खरा ठरला, पण त्याची चमक उतरली. पहिला उपचार त्वरित गुण देतो, ही त्याची खरी थोरवी. आणि ज्या आजारांत हृदयाची लय पणाला लागली आहे त्यांत त्वरेला किंमत आहे. त्याबरोबर हेंही लपवावयाचें कारण नाहीं कीं ११० पैकीं ७८ जणी त्या दिवशीं बऱ्या झालेल्या नव्हत्या.

या साऱ्या इतिहासांत मला सर्वांत आवडलेला प्रसंग कोपनहेगनचा आहे. फ्रॉइडच्या परंपरेंतील लोक म्हणत, तुमचा उपचार वरवरचा. लक्षण दाबाल, मूळ तसेंच राहील. स्टिग पौल्सेन व सुझान लुन हे डॅनिश मानसशास्त्रज्ञ मनोविश्लेषणाच्या बाजूचे. त्यांनीं वाद घालण्याऐवजीं प्रयोग मांडला. ७० रुग्ण घेतले. निम्म्यांस दोन वर्षें, दर आठवड्यास एक याप्रमाणें मनोविश्लेषणपर उपचार, आणि निम्म्यांस पांच महिन्यांत केवळ २० भेटींचा विचार-वर्तनोपचार. वेळेचें माप पाहिलें तर पारडें पहिल्याच बाजूला झुकलेलें होतें. पांच महिन्यांनीं अनावर खाणें व ओकणें पूर्ण थांबलेल्यांचें प्रमाण विचार-वर्तनोपचारांत शेंकडा ४२ आणि मनोविश्लेषणांत शेंकडा ६ होतें. दोन वर्षांनीं, म्हणजे पहिल्यांचा उपचार संपून दीड वर्ष उलटल्यावर आणि दुसऱ्यांचा नुकताच संपत असतांना, तें शेंकडा ४४ आणि १५ असें झालें. आणि हे आंकडे, जे त्यांच्या स्वतःच्या पंथाविरुद्ध जात होते, ते त्यांनीं २०१४ मध्यें अमेरिकेच्या एका अग्रगण्य मानसरोगविषयक नियतकालिकांत जसेच्या तसे छापले. राजकारणाच्या इतिहासांत असें दृश्य मला फारसें आढळलें नाहीं. मनोविश्लेषणाच्या गटांतील स्त्रियांना कांहींच लाभ झाला नाहीं असें मात्र नव्हे. मनाची इतर दुःखें दोन्ही गटांत कमी झालीं. पण जो आजार घेऊन त्या आल्या होत्या त्याच्या बाबतींत निकाल स्वच्छ होता.

औषधांविषयीं थोडक्यांत सांगतों. विषण्णतेवरील फ्लुऑक्सेटीन हें औषध या आजारांतही झटके कमी करतें असें १९९० च्या दशकांतील मोठ्या प्रयोगांत दिसून आलें आणि अमेरिकेंत त्यास अधिकृत मान्यता मिळाली. परंतु एकट्या औषधावर विसंबावें असें आजचे जाणकार सांगत नाहींत. इंग्लंडांत उपचारांचे दंडक ठरविणाऱ्या 'नाइस' या संस्थेनें २००४ मध्यें प्रौढ रुग्णांसाठीं विचार-वर्तनोपचाराला पुराव्याच्या दृष्टीनें वरची श्रेणी दिली.

आजार उघडकीस येण्यांत एका राजघराण्यांतील स्त्रीचाही वांटा आहे. वेल्सची राजकुमारी डायना हिला बुलिमिया असल्याचें १९९२ मधील एका चरित्रग्रंथानें जगजाहीर केलें, आणि १९९५ मध्यें दूरचित्रवाणीवरील मुलाखतींत तिनें स्वतः तें सांगितलें. इंग्लंडांतील कुटुंबवैद्यांच्या नोंदींत या आजाराचीं नवीं निदानें १९९६ पर्यंत वाढत गेलीं आणि मग उतरूं लागलीं. रोग वाढला व कमी झाला, कीं लपलेल्या स्त्रिया एकदम पुढें आल्या? अभ्यासकांनीं दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखविलें आहे, आणि मलाही तीच अधिक संभवनीय वाटते. राजवाड्यांत हें घडूं शकतें तर माझ्या घरीं घडलें यांत लाज कसली, असें कित्येकींना वाटलें असेल.

मात्र पुढें आलेल्या प्रत्येकीला वीस भेटी देण्याइतके शिकलेले उपचारक कोणत्याच देशांत नाहींत. म्हणून कूपर यांनीं १९९३ मध्यें व फेअरबर्न यांनीं १९९५ मध्यें हीच पद्धति सामान्य वाचकासाठीं पुस्तकरूपानें मांडली. रुग्णानें पुस्तक घेऊन स्वतः पायऱ्या चढावयाच्या आणि एखाद्या मार्गदर्शकानें अधूनमधून हात द्यावयाचा. २०१७ च्या दंडकांत 'नाइस'नें प्रौढांसाठीं पहिली पायरी म्हणून हीच सांगितली आहे: वीस वीस मिनिटांच्या चार ते नऊ भेटी, सोळा आठवड्यांत, उपयोग न झाल्यास मग पूर्ण उपचार. वही, नेमाचें जेवण आणि एक बरें पुस्तक. ज्या आजाराला जन्मतःच 'अशुभसूचक' म्हटलें गेलें त्याच्यापुढें हें सैन्य किरकोळच दिसतें, पण तें कामाला येतें.

शाळकरी वयाच्या मुलामुलींचें काय, हा प्रश्न निराळा, आणि ऐकणाऱ्या आईबापांना तोच जवळचा. येथें पुन्हा जेराल्ड रसेल यांचें नांव येतें. १९८७ मध्यें त्यांनीं व मॉड्सली रुग्णालयांतील त्यांच्या सहकाऱ्यांनीं खाण्याच्या मनोविकारांच्या ८० रुग्णांवर प्रयोग करून दाखविलें कीं, ज्यांचा आजार एकोणीस वर्षांच्या आंत सुरू झाला व फार मुरला नाहीं, त्यांना एकट्यानें बोलण्यापेक्षां साऱ्या कुटुंबासह केलेला उपचार अधिक मानवतो. त्यापूर्वीं आईबापांनाच रोगाचें मूळ ठरवून दूर ठेवण्याची चाल होती. या नव्या पद्धतींत त्यांना दोष द्यावयाचा नाहीं. जेवणाच्या वेळीं मुलीबरोबर बसणें, नंतरचा अवघड तास तिला एकटीला न सोडणें, आणि तिच्यावर न रागावतां आजारावर रागावणें, हें काम त्यांच्याकडे सोंपवावयाचें. हीच पद्धति डॅनियल ल ग्रांज यांनीं शिकागो येथें बुलिमियाच्या ८० किशोरवयीन रुग्णांवर तपासली. २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निकालांत उपचार संपतेवेळीं कुटुंबोपचाराच्या ४१ पैकीं १६ जणांचें अनावर खाणें व ओकणें पूर्ण थांबलें होतें, आणि केवळ धीर देणाऱ्या वैयक्तिक उपचारांत ३९ पैकीं ७ जणांचें. सहा महिन्यांनीं या संख्या १२ आणि ४ अशा उतरल्या. म्हणून २०१५ मध्यें शिकागो व स्टॅनफर्ड येथील मंडळींनीं १३० मुलांवर दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि या वेळीं कुटुंबोपचारासमोर खुद्द विचार-वर्तनोपचार उभा केला. उपचार संपतांना कुटुंबोपचारांत शेंकडा ३९ बरे होते, विचार-वर्तनोपचारांत शेंकडा २०. वर्षभरानें दोन्ही गटांतील बरे झालेल्यांची संख्या आणखी वाढलेली होती, आणि त्यांच्यांतील अंतर निश्चितपणें सांगण्याइतकें राहिलें नव्हतें.